कृष्णाकाठचे लोकमत आणि समुद्रातील प्लास्टिक

क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात ज्या पाच नद्यांचे उगम श्रद्धेने एकत्र पूजिले जातात, त्यांपैकी सावित्री पश्चिमेचा कडा उतरून बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्रास मिळते. कृष्णेचा उगम त्याच समुद्रापासून अवघ्या ६४ किलोमीटरांवर असला, तरी ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, माहुलीस वेण्णेला, कराडास कोयनेला आणि हरिपुरास वारणेला आपल्यात सामावून घेते, आणि कर्नाटक, तेलंगण व आंध्र ओलांडून सुमारे १,४०० किलोमीटरांच्या प्रवासानंतर हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात विलीन होते. याच डोंगररांगेत माणसाने आणखी एक वाट काढली आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून पोफळीच्या वीजगृहात उतरते आणि तेथून वाशिष्ठीच्या पात्राने चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस जाते. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना समुद्रकिनारा नाही; परंतु त्यांचे पाणी दोन्ही समुद्रांकडे वाहते.

असे असूनही समुद्रातील प्लास्टिक हा या मुलखात परक्याचा प्रश्न समजला जातो. कासवांची आणि देवमाशांची विदारक छायाचित्रे येथील लोकांनी पाहिली आहेत, त्यांविषयी त्यांना मनापासून हळहळही वाटते. पण ती हळहळ दूरच्या दुष्काळाची वार्ता ऐकून वाटावी तशी, कर्तव्याचा स्पर्श नसलेली असते. दुसरीकडे, प्लास्टिकाचे सूक्ष्म कण माणसाच्या रक्तात सापडले असे वर्तमानपत्रात छापून आले, की तोच वाचक एकाएकी सावध होतो. समुद्राविषयीची ही उदासीन करुणा आणि देहाविषयीची ही सावध भीती यांचा परस्परसंबंध काय, त्या दोहोंना शास्त्राचा आधार किती, आणि त्यांतून सार्वजनिक कर्तव्याची जाणीव कशी निर्माण होईल, याचा आढावा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मोजदाद आणि तिची हद्द

बेकेलाइट १९०७ मध्ये सिद्ध झाले, पॉलिथीन १९३३ मध्ये इंग्लंडातील एका प्रयोगशाळेत हाती आले, आणि आज जिला आपण कॅरीबॅग म्हणतो त्या पिशवीचे एकस्व स्वीडनमधील एका कंपनीने १९६५ मध्ये मिळविले. एवढ्या अल्प अवधीत या पदार्थाने जे साम्राज्य स्थापिले, त्याचा हिशेब २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला: २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण झाले होते, त्यातील ६३० कोटी टनांचा कचरा झाला होता, आणि त्या कचऱ्यापैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा वापरात आणला गेला होता. समुद्राकडे जाणाऱ्या वाट्याचा अंदाज त्यापूर्वी २०१५ मध्ये करण्यात आला. २०१० या एका वर्षात ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन प्लास्टिक जमिनीवरून समुद्रात गेले असावे, असा तो अंदाज होता.

या दुसऱ्या गणनेतील एक गोष्ट आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे. तीत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या आत राहणारी लोकसंख्याच हिशेबात धरली होती. म्हणजे वाई, सातारा, कराड, मिरज, सांगली ही सगळी शहरे शास्त्रज्ञांच्या पहिल्या मोठ्या मोजदादीतही हद्दीबाहेर राहिली. पुढे २०२१ मध्ये नद्यांचा स्वतंत्र अभ्यास झाला आणि नद्यांवाटे दरवर्षी ८ ते २७ लाख टन प्लास्टिक समुद्रात पोचते, त्यातील ८० टक्के भार हजाराहून अधिक नद्या मिळून वाहून नेतात, असे दिसून आले. किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो, हाही त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता.

तेव्हा न्यायबुद्धीने बोलावयाचे, तर सांगलीच्या घाटावरून टाकलेली प्रत्येक पिशवी बंगालच्या उपसागरात जाते असे म्हणता येणार नाही. अलमट्टी, नारायणपूर, जुराळा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा अशी धरणांची मालिका वाटेत उभी आहे, आणि पुष्कळसा कचरा काठांवर, बाभळींच्या फांद्यांत आणि जलाशयांच्या गाळात अडकून पडतो. पण अडकलेला कचरा नाहीसा होत नाही. ऊन, पाणी आणि घर्षण यांनी तो झिजतो, फुटतो, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपाने पुन्हा प्रवासास निघतो. ज्या जलाशयांत तो असा कुजत न राहता केवळ बारीक होत राहतो, त्यांतूनच खालच्या शहरांची तहान भागते. समुद्राचा प्रश्न नदीतच सुरू होतो, आणि त्याचा पहिला उपद्रव समुद्राच्या कितीतरी अलीकडे, आपल्याच शेजाऱ्यांना होतो.

आरोग्य: सिद्ध काय, संशयित काय

समुद्रातील या बारीक कणांकडे २००४ मध्ये रिचर्ड थॉम्प्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाचे लक्ष वेधले, आणि मायक्रोप्लास्टिक ही संज्ञा तेव्हापासून रूढ झाली. ते कण माणसाच्या देहात शिरतात, ही गोष्ट आता संशयातीत म्हणावी अशी आहे. २०२१ मध्ये इटलीतील संशोधकांनी तपासलेल्या सहा वारांपैकी चारांत ते आढळले. २०२२ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना बावीस रक्तदात्यांपैकी सतरा जणांच्या रक्तात प्लास्टिक सापडले. मात्र देहात सापडणे आणि देहास अपाय करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीची रुजुवात अद्याप पुरी झालेली नाही.

अपायाकडे बोट दाखविणारा सर्वांत गंभीर पुरावा मार्च २०२४ मध्ये पुढे आला. मानेतील रोहिणीत साचलेला मेदाचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा इटलीतील वैद्यांनी सुमारे ३४ महिने मागोवा घेतला. त्यांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथीनचे कण होते, आणि अशा रुग्णांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या मानाने सुमारे साडेचारपट दिसला. हा साहचर्याचा पुरावा आहे, कार्यकारणाचा नव्हे, हे त्या संशोधनाच्या स्वरूपातच स्पष्ट आहे. मेंदूतील कणांविषयी २०२५ मध्ये जे आकडे प्रसिद्ध झाले, त्यांच्या मोजणीच्या पद्धतीबद्दल तर तज्ज्ञांतच मतभेद आहेत, कारण मेंदूतील मेद आणि पॉलिथीन यांची रासायनिक परीक्षेत गल्लत होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पिण्याच्या पाण्यातील कणांचा परामर्श घेताना १५० मायक्रोमीटरांहून मोठे कण शरीरात शोषले जाण्याचा संभव कमी आहे, अतिसूक्ष्म कणांविषयी मात्र माहिती अपुरी आहे, आणि रोगजंतूंनी दूषित झालेले पाणी हाच अधिक निकडीचा धोका आहे, असा तोलून निर्वाळा दिला होता. प्लास्टिकात मिसळल्या जाणाऱ्या रसायनांविषयीचा पुरावा कणांविषयीच्या पुराव्याहून अधिक भक्कम आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये बिस्फेनॉल-ए या द्रव्याची सुरक्षित मानलेली दैनिक मर्यादा पूर्वीपेक्षा वीस हजार पटींनी खाली आणली, यावरून त्याचे गांभीर्य कळावे.

समुद्राशी आपला संबंध काय, असे विचारणाऱ्या देशावरील मनुष्याला मिठाचे उदाहरण पुरेसे व्हावे. कुंभार्ली घाट चढून कराडच्या बाजारात येणारे बांगडे, किंवा आठवडे बाजारात पोत्यावर मांडलेले सुकट आणि बोंबील, सगळेच खातात असे नाही. मीठ मात्र माळकऱ्याच्या घरातही लागते. मुंबईच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०१८ मध्ये भारतातील निरनिराळ्या छापांचे समुद्री मीठ तपासले, तेव्हा किलोमागे सरासरीने ५६ ते १०३ प्लास्टिककण त्यांत आढळले. त्याच संशोधकांनी असेही दाखविले, की साध्या वाळूच्या गाळणीतून समुद्राचे पाणी गाळून घेतले, तर वजनाने ८५ टक्क्यांहून अधिक कण मिठात येण्यापूर्वीच दूर करता येतात. धोका आणि त्याचा उपाय एकाच निबंधात इतक्या सुबोधपणे क्वचितच मांडलेले असतात.

लोकमताचे थर

समुद्र आणि आरोग्य यांविषयी लोकांना काय वाटते, याची विस्तृत पाहणी युरोपातील १४ देश आणि ऑस्ट्रेलिया यांत करण्यात आली आणि २०२१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पंधरा हजारांहून अधिक प्रौढांपुढे समुद्राशी निगडित अशी सोळा संकटे ठेवण्यात आली होती; त्यांत आरोग्याच्या दृष्टीने सर्वाधिक चिंता प्लास्टिकाची व्यक्त झाली, आणि त्यावरील संशोधनासाठी पैसा खर्च व्हावा, असे मतही ठळकपणे पुढे आले. शास्त्राचा निर्णय होण्यापूर्वीच लोकमताने आपला कौल दिला होता. जनतेची भीती पुराव्याच्या पुढे धावते आहे असे यावर म्हणता येईल, तसेच जनता शास्त्राकडे पुराव्याचा तगादा लावीत आहे असेही म्हणता येईल, आणि हा दुसरा अर्थ मला अधिक न्याय्य वाटतो.

आपल्या दोन जिल्ह्यांतील लोकमत एकजिनसी नाही. ते व्यवसायाप्रमाणे आणि तालुक्याप्रमाणे बदलते. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणग्रस्त पट्ट्यात प्लास्टिकाकडे शत्रू म्हणून पाहणे कोणालाही पटणार नाही, आणि पटू नये. कारण तेथे ठिबकच्या नळ्यांनी आणि शेततळ्याच्या अस्तराने पाण्याचा थेंब न् थेंब राखला, तासगाव-कवठेमहांकाळकडील द्राक्षबागा तगविल्या. महाबळेश्वर तालुक्यातील स्ट्रॉबेरीचे वाफेही प्लास्टिकच्याच आच्छादनाखाली असतात. हा मल्चिंग पेपर बहुधा २५-३० मायक्रॉन जाडीचा. हंगाम संपेपर्यंत त्याच्या चिंध्या होतात, काही बांधावर जाळल्या जातात, काही मातीतच नांगरल्या जातात, आणि पहिल्या पावसाबरोबर काही ओढ्याला लागतात. कृष्णेच्या अगदी उगमापाशी हे घडते. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने तो पीक पिकविण्याच्या खर्चातला एक घटक असतो, कचरा नव्हे. आणि वापर संपल्यावर तो परत कोणी घ्यावयाचा, याची कोणतीही तजवीज त्याला ठाऊक नसते.

नदीविषयीची श्रद्धा हा दुसरा थर. कृष्णामाईचे उत्सव वाईच्या घाटांवर शिवकालापासूनच्या परंपरेने होत आले आहेत, आणि या नदीला माता म्हणणारा मनुष्य ते मनापासून म्हणतो, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तोच मनुष्य घरातील निर्माल्य पिशवीत बांधून पुलावरून पिशवीसकट प्रवाहात सोडतो, तेव्हा त्याच्या मनात दुजाभाव नसतो. वाहत्या पाण्यात सोडलेली वस्तू शुद्ध होते, हा त्याचा पूर्वापार अनुभव असतो. फुले, पाने आणि केळीचे सोपट यांच्या बाबतीत तो अनुभव खराही होता. वस्तू बदलली आणि आचार तसाच राहिला, इतकाच हा दोष आहे. म्हणून श्रद्धेची हेटाळणी करून तो जाणार नाही, श्रद्धेलाच ही नवी वस्तू ओळखावयास शिकविले पाहिजे. घाटाघाटांवर ठेवलेले निर्माल्य कलश बऱ्याच ठिकाणी भरू लागले आहेत, यावरून हे शिक्षण शक्य आहे हे दिसते.

तिसरा थर नागरी संतापाचा. कारखान्याची मळी नदीत आली आणि मेलेले मासे काठाला लागले, की सांगली खवळून उठते. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते म्हणून तेथील नागरिकांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला आहे. या संतापाला वास आहे, रंग आहे, गॅस्ट्रो आणि कावीळ यांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. प्लास्टिकाला यांतले काहीच नाही. ते तत्काळ कोणाला आजारी पाडीत नाही, म्हणून त्याच्याविरुद्ध मोर्चा निघत नाही. अपवाद गोपालकांचा: मेलेल्या गाईच्या पोटातून निघालेला पिशव्यांचा गोळा ज्याने एकदा पाहिला, त्याला प्लास्टिकाविषयी दुसरे व्याख्यान द्यावे लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, आणि ते ओसरल्यावर कुंपणे, झाडे आणि विजेच्या तारा पिशव्यांनी लोंबू लागल्या, तेव्हा नदीने आपल्या पोटात काय साठविले होते, ते सगळ्या शहराला दिसले होते. पण पुराच्या मोठ्या दुःखापुढे ते दृश्य लहान ठरले आणि लवकरच विस्मृतीत गेले.

चौथा थर मला सर्वांत चिंतनीय वाटतो. सुखवस्तू कुटुंबांत आरोग्याची भीती वाढली आहे, पण ती घराच्या उंबऱ्याबाहेर पडत नाही. नळाच्या पाण्यावरचा विश्वास उडाला म्हणून जारचे किंवा बाटलीचे पाणी आणावयाचे, हा शिरस्ता झाला आहे. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी नव्या तंत्राने मोजले, तेव्हा बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरात सरासरीने सुमारे २ लाख ४० हजार प्लास्टिककण सापडले, ज्यांतील बहुतेक अतिसूक्ष्म होते. ज्या भीतीने सार्वजनिक पाणी सुधारावयाचे, तिनेच सार्वजनिक पाणी सोडून दिले, आणि ज्या पदार्थापासून पळावयाचे त्याच पदार्थाचा आश्रय घेतला. निव्वळ भयावर उभारलेले लोकशिक्षण कोठे जाते, हे यात स्पष्ट दिसते.

कायदा आणि त्याची अंमलबजावणी

लोकमताची खरी कसोटी कायद्याच्या वेळी लागते. मुंबईतील २६ जुलै २००५ च्या जलप्रलयात पिशव्यांनी गटारे तुंबल्याचे दिसून आल्यावर राज्यात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले; २००६ मध्ये अविघटनशील कचऱ्याविषयीचा अधिनियम झाला; आणि त्याच्या आधारे २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने पिशव्या, थर्माकोल आणि एकदा वापरून फेकण्याची ताटे-पेले यांवर बंदी जाहीर केली. पहिल्या गुन्ह्यास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी कडक तरतूद होती. जूनअखेर अंमल सुरू होताच बाजारपेठांत कापडी पिशव्या दिसू लागल्या. पण किराणा मालाच्या वेष्टनाला काही दिवसांतच सवलत द्यावी लागली, जप्तीची धडक मंदावली, आणि आठवडे बाजारांत पातळ पिशवी पुन्हा अवतरली. केंद्राने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरण्याच्या काही वस्तूंवर देशभर बंदी घातली आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून पिशव्यांची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरविली. तरी भाजीवाल्याच्या टोपलीशेजारचा पिशव्यांचा जुडगा हललेला नाही.

यावरून लोक कायदा मानीत नाहीत, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्या बाईला पाच हजारांचा दंड करणे दंड करणाऱ्या अधिकाऱ्यालाही पटत नाही, आणि उत्पादकापर्यंत तो कायदा तितक्याच जोमाने पोचलेला तिला दिसत नाही. सोय आहे, पर्याय नाही, आणि शिक्षा खालच्या पायरीवर, अशा स्थितीत कायद्याचा धाक फार काळ टिकत नाही.

उलट जेथे व्यवस्था उभी राहिली, तेथे आचरण बदलले आहे. सांगली जिल्ह्यातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, आणि हजारो गावांनी स्पर्धेच्या उत्साहात झाडू हाती घेतला. कराड नगरपालिकेने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला. ही उदाहरणे या मातीतली आहेत. त्यांची एकच मर्यादा आहे: स्वच्छतेची हद्द गावाच्या शिवेशी संपते असे आपण मानत आलो. गावाबाहेर गेलेला कचरा, ओढ्याला लागलेला कचरा, हा स्वच्छतेच्या हिशेबातून वजा झालेला कचरा समजला जातो.

हिशेबातला गाळलेला रकाना

आणि हिशेब ठेवण्यात तर हा मुलूख कोणाला हार जाणारा नाही. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये बच्छावत लवाद बसला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले, आणि कोयनेतून वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळविण्याची मर्यादा घातली. २००४ मध्ये दुसरा लवाद नेमला गेला. पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडले, आयर्विन पुलाशी पातळी ४५ फुटांच्या धोक्याच्या रेषेपासून किती खाली आहे, अलमट्टीचा फुगवटा कोठवर आला, हे आकडे सांगलीतील रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सर्वांच्या तोंडी असतात. वरच्याने सोडलेले खालच्याला भोगावे लागते, आणि खालच्याने अडविलेले वरच्याला, हा न्याय या लोकांना कोणी शिकवावा लागत नाही. तो त्यांनी घरात शिरलेल्या पाण्यातून शिकलेला आहे.

समुद्रातील प्लास्टिकाविषयीचे लोकमत येथे याच न्यायाच्या पायावर उभे राहू शकेल, असे माझे मत आहे. करुणा दूरची आहे म्हणून ती पुरत नाही, आणि भीती स्वतःपुरती आहे म्हणून ती आडवाटेस लागते. पण खालच्या काठाविषयीचे दायित्व ही येथे रुजलेली, पारखलेली भावना आहे. आपण पाण्याचे प्रमाण टीएमसीत मोजले, त्याबरोबर काय जाते ते मोजले नाही. आयर्विन पुलाशी आणि राज्याच्या सीमेलगतच्या राजापूर बंधाऱ्याशी पाणीपातळीबरोबर प्लास्टिकाचीही नियमित मोजणी व्हावी, कोयनेच्या अवजलाबरोबर वाशिष्ठीत काय उतरते त्याचीही व्हावी, आणि ते आकडे पातळीच्या आकड्यांइतक्याच ठळकपणे जाहीर व्हावेत. मल्चिंग पेपर विकणाऱ्याने तो परत घ्यावा. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे केंद्राचे नियम २०२२ पासून लागू आहेत, त्यांची पोच शेताच्या बांधापर्यंत झाली पाहिजे. १८९४ पासून ज्या मिरजेत वॉनलेस रुग्णालय उभे आहे आणि जेथील वैद्यांच्या शब्दाला सीमाभागात आजही मान आहे, तेथील डॉक्टरांनी सिद्ध काय आणि संशयित काय, हे लोकांना समजेल अशा मराठीत सांगावे. सलाइनची नळी आणि चहाचा पेला यांतील भेद त्यांच्याइतक्या अधिकाराने दुसरा कोण सांगणार? कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांच्या शाळा तर प्रत्येक खोऱ्यात आहेत. तेथील विद्यार्थी आपल्या ओढ्याची मोजणी सहज करू शकतील.

राष्ट्राराष्ट्रांतील करार होईपर्यंत थांबण्यातही अर्थ नाही. मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे प्लास्टिकावर बंधनकारक करार करण्याचा ठराव झाला, परंतु २०२४ च्या अखेरीस बुसान येथील आणि ऑगस्ट २०२५ मधील जिनिव्हा येथील बैठका सहमतीवाचून संपल्या. नदीच्या खोऱ्यातील माणसांना एकमेकांशी न्यायाने वागण्यासाठी जिनिव्हाच्या संमतीची गरज नाही. ज्या जिल्ह्यांनी आपल्या वाट्याच्या पाण्यासाठी लवादांपुढे वर्षानुवर्षे कैफियत मांडली, त्यांनी त्या पाण्यातून खाली पाठविलेल्या मलिनतेचीही जबाबदारी त्याच काटेकोरपणे पत्करली पाहिजे. कारण पाण्यावरचा हक्क आणि पाण्याविषयीचे कर्तव्य हे एकाच न्यायाचे दोन भाग आहेत, आणि त्यांतील दुसरा पाळल्यावाचून पहिला मागण्याचा नैतिक अधिकार पुरा होत नाही.